पान सतरा, पान एकतीस

४ सप्टेंबर

ती. मावशीस,

नमस्कार. सोबतचं जाडजूड पाकीट बघून दचकू नकोस. आत बेचाळीस पानं आहेत आणि माझे सहा आठवडे.

तू शेजारणींना ‘माझी भाची दुकानांच्या पाट्या रंगवते’ असं सांगतेस, हे मला ठाऊक आहे. तर ऐक. एका मोठ्या बालरुग्णालयाची चार मजली नवी इमारत उभी राहिली आहे. तिच्यात कुठे काय आहे हे सांगणाऱ्या सगळ्या पाट्या, मजल्यांचे नकाशे, जिन्यांकडचे बाण असं दोनशे साठ नगांचं काम आहे. रडणारं मूल कडेवर घेऊन आलेल्या आईला कुणालाही न विचारता योग्य दारापाशी पोचता आलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. त्यांनी तीन कंपन्यांना बोलावलंय. आमची तारीख १९, सकाळी अकरा. आणि साहेबांनी या वेळी पहिल्यांदाच सगळं माझ्यावर सोपवलंय! प्रस्ताव माझा, मांडणी माझी, बोलायचंही मीच.

आराखडे आमच्या ड्राफ्ट्समनने काढलेत. ऑफिसात त्यांना सगळे गोगलगाय म्हणतात. पन्नाशीचे आहेत, एकेका पानाला दोन-दोन दिवस लावतात आणि वर ‘जरा परत बघू का?’ म्हणून विचारतात. मला घाईत बघितलं की त्यांना आणखी प्रश्न सुचतात.

अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या बाईची भाची मी. तुझी लाल पेन्सिल फिरल्याशिवाय हे कागद कुणाच्या हाती द्यायचा धीर होत नाही. चौदा तारखेपर्यंत परत पाठवशील? फोन करत नाही. फोनवर बोललेलं तपासता येत नाही, हे तुझंच म्हणणं.

तुझी,
भिंगरी

११ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. बेचाळीसही पानांखाली माझी लाल खूण केली आहे. मुखपृष्ठावर तू ‘रूग्णालय’ लिहिलंयस. रु ऱ्हस्व. ज्यांच्याकडे काम मागायला जातेस त्यांच्या दारावरचाच शब्द चुकवून कसं चालेल? दोन मथळे एकाच मापाचे नव्हते, तेही दाखवले आहेत. बाकी स्वच्छ आहे.

आता न विचारलेलं सांगते. अर्धा तास आधी पोच. खोलीत किती खुर्च्या आहेत ते बघ आणि त्याहून तीन प्रती जास्त ने. ऐनवेळी कुणीतरी जास्तीचं येऊन बसतंच, आणि ज्याच्या हातात कागद नसतो तोच सगळ्यात जास्त शंका काढतो. प्रत्येकाचं नाव आणि हुद्दा आधी मोठ्याने म्हणून बघ. जे माहीत नाही ते ‘माहीत नाही, उद्या कळवते’ असं सांग. गोलगोल बोलू नकोस, तुला ते जमत नाही, नाक लाल होतं.

आम्ही एकदा एका कारखान्याचं पुस्तक छापलं होतं. तीनशे पानं सुबक, आणि मालकाच्या आडनावात एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ. त्या माणसाने पुस्तक उघडलंच नाही. पुठ्ठा बघून परत दिलं. ‘माझं नाव ज्यांना दिसलं नाही, त्यांना माझं काम काय दिसणार?’ एवढंच म्हणाला.

अक्षर मोठं आलंय, पेन नवं आहे.

तुझी,
मावशी

२० सप्टेंबर

ती. मावशीस,

काल जे झालं ते कुणाशी बोलायचीही सोय नाही, म्हणून लिहिते.

अर्धा तास आधी पोचले. सात खुर्च्या होत्या, दहा प्रती नेल्या होत्या. इस्त्रीचे कपडे, नावं पाठ, सगळं तू सांगितल्यासारखं. समोर रुग्णालयाचा कारभार बघणाऱ्या मॅडम, त्यांचे इंजिनिअर, मेट्रन आणि आणखी दोघं. मी सुरुवात करणार एवढ्यात दार उघडलं आणि काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आत आले. सगळे उठून उभे राहिले. हे संस्थापक डॉक्टर, मॅडमचे वडील. ते येणार हे कुणाला माहीतच नव्हतं. ‘मुलांच्या पाट्या आहेत, मला बघू देत,’ म्हणाले आणि पुढच्या रांगेत बसले. जास्तीची प्रत होती म्हणून मनात तुला हात जोडले.

पंधरा-वीस मिनिटं छान गेली. मेट्रनबाई माना डोलावत होत्या. मग मी म्हणाले, ‘आता पान सतरा. प्रवेशद्वाराजवळचा मुख्य फलक.’

पानं उलटल्याचा आवाज झाला. मी बोलत राहिले. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘बाई, मला जाऊन किती दिवस झाले?’

मला कळेचना. मी खाली बघितलं. मावशी, त्या फलकावर ठसठशीत अक्षरात छापलं होतं, ‘संस्थापक : कै. डॉ.’ आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव.

मॅडमनी खुर्ची मागे सारली आणि खोलीबाहेर गेल्या. इंजिनिअर हळूच म्हणाले, ‘सर गेल्याच महिन्यात अतिदक्षता विभागातून घरी आलेत. अकरा दिवस शुद्ध नव्हती.’

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण डॉक्टरांनी हात वर केला. ‘असू दे. मी जिवंत आहे, हे मला ठाऊक आहे. पुढे चला.’ त्यांनी स्वतःच पानं चाळली आणि एकतिसाव्या पानावर थांबले. या वेळी आवाज साधा नव्हता. ‘हा दुसऱ्या मजल्यावरचा आगीच्या वेळच्या जिन्याचा बाण ना? जिना डावीकडे आहे. तुमचा बाण उजवीकडे चाललाय. मला मेलेला दाखवलंत, ते मी हसण्यावारी नेईन. या बाणाने मुलं मरतील.’

कागद गोळा करून मी बाहेर कशी आले, मला आठवत नाही.

ऑफिसात साहेबांनी एकच विचारलं, ‘हे कुणी केलं?’ आराखडे गोगलगायीचे. साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे घरी जायला सांगितलं. बावीस वर्षांची नोकरी. त्यांनी पट्टी, पेन्सिली, डबा पिशवीत भरला आणि गेले.

एक विचारू? राग मानू नकोस. दोन्ही पानांखाली तुझी लाल खूण आहे. तुझ्या नजरेतून हे सुटलं कसं?

तुझी,
भिंगरी

३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

उत्तराला दोन आठवडे लागले. तीन पत्रं लिहून फाडली.

सुटलं नाही. मी वाचलंच नव्हतं.

गेल्या चैत्रापासून डाव्या डोळ्यासमोर मधोमध एक करडा ठिपका आहे. ज्या शब्दाकडे बघावं तोच पुसला जातो, कडेचं तेवढं दिसतं. श्रावणात उजव्यालाही सुरू झालं. मोठे मथळे कळतात, बारीक मजकूर म्हणजे धूर. तुझी पत्रं मी भिंगाखाली एकेक शब्द धरून वाचते, एका पत्राला दोन दिवस जातात. बेचाळीस पानं सात दिवसांत कशी वाचणार होते? मथळे तेवढे बघितले आणि उरलेल्या पानांखाली नुसत्या खुणा करत गेले. पेन नवं नव्हतं.

का केलं, हे स्वतःला विचारते तेव्हा फार लाज वाटते. निवृत्तीनंतर मला काही तपासायला पाठवणारी तू एकटीच उरली होतीस. ‘दिसत नाही’ म्हटलं असतं तर तेही थांबलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून जगले, आणि स्वतः न वाचलेल्या कागदावर ‘वाचलं’ अशी सही केली. आमच्या छापखान्यात असं करणाऱ्याला त्याच दिवशी काढत.

हे पत्र साहेबांना दाखव. दोष माझा आहे म्हणून सांग. त्या भल्या माणसाला परत बोलवा. आणि त्याला गोगलगाय म्हणू नकोस, माझ्या कानाला ते बरं लागत नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. एकेका पानाला दोन दिवस लावणारा, पुन्हा पुन्हा ‘परत बघू का?’ विचारणारा माणूस आणि त्याला ही दोन पानं दिसली नाहीत? त्याने तुला काहीच सांगितलं नव्हतं?

मावशी

९ ऑक्टोबर

ती. मावशीस,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं. तुझ्या डोळ्यांचं वाचून काळजात धस्स झालं. सहा महिने तू एकटीने हे दडवलंस आणि मी दर पत्रात नुसती स्वतःची रामकहाणी लिहीत बसले. पण तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि रडूही येईना.

सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं होतं, मावशी.

सोळा तारखेला त्यांनी माझ्या टेबलावर एक पिवळी चिठ्ठी ठेवली. ‘पान १७ : कै. बरोबर आहे का? पान ३१ : बाण उलटा.’ त्या फलकाचा मजकूर मी एका जुन्या वाचनालयाच्या कामातून उचलला होता आणि नाव तेवढं बदललं होतं. ‘कै.’ तिथलंच राहिलं. बाणाचं तर त्याहून वाईट. तो पानाच्या बाहेर तोंड करून होता, पान देखणं दिसत नव्हतं, म्हणून मीच त्यांना तो आत वळवायला लावला होता. तेव्हा ते म्हणाले होते, ‘पानाचं ठीक आहे हो, पण भिंतीवर हाच लागला तर?’ मी म्हटलं, ‘भिंतीचं भिंतीच्या वेळी बघू.’

चिठ्ठी बघून मी काय बोलले, सांगू? ‘माझ्या मावशीने पाहिलंय. अडतीस वर्षांचा अनुभव आहे तिचा. तुम्ही आता कृपा करून छपाईला जाऊ द्या.’ सगळ्यांसमोर. दोघं-तिघं हसलेही.

आणि साहेबांनी ‘हे कुणी केलं?’ विचारलं तेव्हा ती चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. ड्राफ्ट्समन माझ्याकडे बघत होते. मी खिडकीबाहेर बघत होते.

मी कोण आहे, हेच मला कळेनासं झालंय.

भिंगरी

१३ ऑक्टोबर

भिंगरी,

भिंगाखाली तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, मीच शब्द चुकीचे लावतेय.

मी दिसत नसताना ‘पाहिलं’ म्हणाले. तू दिसत असताना डोळे फिरवलेस. यात कोण जास्त वाईट ते आपण दोघी नंतर ठरवू. आज कोणताही वार असो. उद्या सकाळी साहेबांच्या टेबलावर ती चिठ्ठी ठेव. मला उत्तर लिहायच्या आधी.

मावशी

४ नोव्हेंबर

ती. मावशीस,

चिठ्ठी ठेवली. साहेबांनी ती उलटसुलट करून बघितली. ‘महिनाभर हे तुझ्या ड्रॉवरमध्ये होतं?’ मी हो म्हटलं. ते ओरडतील म्हणून अंग चोरून उभी होते. ते ओरडलेच नाहीत. चिठ्ठी खिशात ठेवून म्हणाले, ‘त्याला काढताना मीही काही विचारलं नाही. चल.’

आम्ही दोघं ड्राफ्ट्समनच्या घरी गेलो. तिसरा मजला. दार त्यांच्या बायकोने उघडलं, मला बघून पाणीसुद्धा विचारलं नाही. ते टेबलावर कुणाचा तरी बिघडलेला पंखा खोलून बसले होते, स्क्रू मापाप्रमाणे ओळीने मांडलेले. मी सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. साहेब म्हणाले, ‘अहो, तुम्ही त्याच दिवशी का नाही बोललात?’

ते हातातला स्क्रू खाली ठेवून म्हणाले, ‘मला वाटलं, या बोलतील. घरी आल्यावरही रोज वाटायचं, आज फोन येईल. पहिला आठवडा मी फोन हातातच धरून होतो.’

मावशी, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या सोमवारी ते परत आले. एकच अट घातली, त्यांच्या प्रत्येक शंकेला लेखी उत्तर मिळालं पाहिजे. साहेबांनी ती मान्य केली आणि वर ठरवलं की त्यांच्या सहीशिवाय एकही कागद गिऱ्हाइकाकडे जाणार नाही. मी आता त्यांच्या हाताखाली आहे. मांडणी, बोलणं, सगळं माझ्याकडून काढून घेतलंय.

मग मी डॉक्टरांना एक पानाचं पत्र लिहिलं. चूक कुणाची, कशी झाली, कुणी आधी दाखवली होती, एवढंच. त्यांनी भेटायला बोलावलं. मला वाटलं, खोलीत बसवून चार शब्द सुनावतील. त्यांनी काठी घेतली आणि मला दुसऱ्या मजल्यावर नेलं. वॉर्डमध्ये अजून पलंग आलेले नाहीत, भिंतींना ओल्या रंगाचा वास. कोपऱ्यावर उभं करून म्हणाले, ‘तुमचा बाण इथे लागणार होता. चला, त्याच्या सांगण्याप्रमाणे जा.’

मी उजवीकडे वळले. लांब बोळ, मग आणखी एक वळण, आणि समोर चादरींच्या खोलीचं दार. कुलूप. आजूबाजूला खिडकीसुद्धा नाही. ते माझ्या मागे येऊन थांबले, त्यांना दम लागला होता. ‘आता तुमच्या मागे चाळीस मुलं आहेत,’ ते म्हणाले. ‘काहींच्या हाताला सलाइन आहे. दिवे गेलेत. मागे वळायला जागा नाही.’

मी त्या दाराला हात लावून उभी होते.

‘काम तुम्हाला मिळणार नाही,’ परत येताना त्यांनी सांगितलं. ‘ते दुसऱ्यांना दिलंय. पण ती चिठ्ठी लिहिणाऱ्या माणसाने त्यांचे आराखडे एकदा बघावेत, अशी माझी इच्छा आहे. त्याची रीतसर फी देऊ. विचारा त्यांना.’ मी विचारलं. ते हो म्हणाले, आणि लगेच ‘किती दिवस मिळतील?’

जाताना बोळात मॅडम भेटल्या. मी माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, ‘मी त्या दिवशी रागाने उठून गेले नव्हते. बाबा शुद्धीवर नव्हते तेव्हा एका पहाटे मला वाटलं होतं, आता त्यांच्या नावामागे हे अक्षर लिहायची वेळ येणार. कसंबसं ते मनातून काढलं होतं. तुमच्या कागदावर ते छापलेलंच दिसलं.’ एवढं बोलून त्या गेल्या. त्या एका अक्षराला इतकं वजन असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या दृष्टीने ती छपाईची चूक होती.

आता तुझं सांग. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणार आहेस की मी येऊन ओढत नेऊ?

भिंगरी

१९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

ओढायची गरज पडली नाही. परवा जाऊन आले. एकटी गेले. रिक्षावाल्याला दवाखान्याचं नाव तीनदा विचारलं, तो वैतागला.

तिथे काय केलं ते सांगते, आणि मग तू मला हवं ते म्हण. माझ्या आधी एक बाई तपासायला आत होत्या, दार उघडंच होतं. त्या भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मोठ्याने वाचत होत्या. मी बाहेर बाकावर बसून ती पाठ केली. अडतीस वर्षांची सवय, सात ओळी सहज पाठ झाल्या. माझा नंबर आला. डॉक्टरीणबाई पोरसवदा, तुझ्याहून लहान. म्हणाल्या, ‘आजी, वाचा.’ आणि मी घडाघडा वाचत सुटले. पाचव्या ओळीपर्यंत गेले. त्या खूश झाल्या, ‘अरे वा, मग काळजीचं काही नाही!’ म्हणून लिहायला लागल्या.

त्यांचं पेन कागदावर चाललेलं ऐकलं आणि मी हादरले. अगं, मी पुन्हा तेच करत होते! या वेळी तर समोर कुणी गिऱ्हाईकही नव्हतं, माझेच डोळे होते. मी म्हणाले, ‘बाई, थांबा. खोडा ते. मी पाठ करून आलेय.’

त्या बघतच राहिल्या. मग हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. उठून दुसरा तक्ता लावला. मला सगळ्यात वरचं एक अक्षर दिसलं, तेही कडेने. बाकी सगळीकडे तो ठिपका. तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी मला रडू दिलं.

डाव्याचं जे गेलं ते गेलं. उजव्यात दर महिन्याला इंजेक्शन घेतलं तर आहे तेवढं टिकेल, म्हणतात. चार महिने आधी आले असते तर जास्त टिकलं असतं. हेही त्यांनी सरळ सांगितलं, आणि मला ते आवडलं. पहिलं इंजेक्शन सत्तावीस तारखेला आहे. डोळ्यात सुई, या विचारानेच पाय गार पडलेत. तू येशील का? तुझ्या साहेबांना नाही, तुमच्या ड्राफ्ट्समनसाहेबांना विचारून रजा घे. लेखी.

खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना सगळं सांगितलंय. आता पत्रं त्या वाचून दाखवतात. हे पत्रही त्याच लिहून घेतायत, म्हणून अक्षर असं सुरेख.

एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे दारात तुझा गैरसमज नको. समोर बघितलं की तुझा चेहरा मला दिसणार नाही. दिसावा म्हणून मी तुझ्याकडे जरा तिरकं बघेन, तुझ्या कानाच्याही पलीकडे. रागावलेय असं समजू नकोस. तुलाच बघत असेन.

तुझी,
मावशी